लेफ्ट इनची जागा

आडे सरांच्या पँटच्या दोन्ही खिशांत कायम खडे असायचे. सकाळी स्टाफरूममध्ये आले की ते आधी खिडकीपाशी जायचे, खिसे उलटे करायचे आणि मुरमाचे, गारगोटीचे, कधी फुटक्या कौलाचे तुकडे कट्ट्यावर ओतायचे. मग हात झटकून म्हणायचे, "एवढे कमी झाले." त्या खिडकीखालीच माझी खुर्ची. माझ्या तपासायच्या वह्यांवर रोज धूळ. मी कुरकुर केली की सर म्हणायचे, "बाई, तुमी भूगोल शिकवता ना? मंग हा बी भूगोलच हाय."

आमची शाळा कनेरगाव नाक्याच्या अलीकडे, हिंगोली-वाशिम रस्त्याला लागून. मोठा ट्रक गेला की फळ्यावरचा नकाशा हलायचा. शाळेच्या मागे मुरमाड माळ आणि माळाच्या टोकाला लमाणांचा तांडा. थावरसिंग आडे त्याच तांड्यातले. आजोबा बैलांवर धान्य लादून गावोगाव फिरलेले, वडील ऊस तोडणारे. सर विद्यापीठाकडून हॉकी खेळले आणि त्या जोरावर आमच्या शाळेत पीटीचे शिक्षक म्हणून लागले. "नोकरी लागली त्या दिवशी माझी हॉकी सुटली," हे ते हसत सांगायचे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो विनोद वाटायचा.

आमच्या भागात पोरं कबड्डी खेळतात, खो-खो खेळतात, उरलेली क्रिकेट. हॉकी कुणी मागितली नव्हती. हेडमास्तरांनी विचारलंच होतं, "आडे, हॉकी काहून?" सर म्हणाले, "माझ्या आज्याच्या हातात बैल हाकायची काठी होती. बापाच्या हातात कोयता आला. माझ्या हातात पुन्हा काठी आली, ती मी खाली ठेवत न्हाई." हेडमास्तरांनी परवानगी दिली. पैसे मात्र दिले नाहीत.

सरांच्या सगळ्या संघाला एकच मंत्र होता: आधी खडा, मग काठी. खेळायच्या आधी पोरींनी एका ओळीत उभं राहायचं, कापूस वेचणाऱ्या बाया धरतात तशी पात धरायची आणि वाकून खडे वेचत माळाच्या या टोकापासून त्या टोकाला जायचं. सर स्वतः पातीत असायचे. पोरींचे खडे घमेल्यात जायचे आणि सरांचे खिशात. शिट्टी त्यांनी कधी गळ्यात अडकवली नाही. गुरं वळवणाऱ्यासारखी दोन बोटं तोंडात घालून ते अशी शीळ घालायचे की रस्त्यावरच्या धाब्यावरची माणसं मान वळवायची. कुणी कितीही चांगलं खेळलं तरी शाबासकी नाही, टाळी नाही. फार झालं तर एकच शब्द, "बराबर." त्या एका शब्दासाठी पोरी गुडघे फोडून घ्यायच्या.

तांड्याची एक रीत मला त्यांच्यामुळे कळली. दिवाळी झाली की उसाच्या हंगामासाठी ट्रॅक्टर यायचे आणि जवळजवळ अख्खा तांडा कारखान्यांकडे निघून जायचा. दारांना कुलपं लागायची. मागे राहायची म्हातारी माणसं आणि शाळेतली काही लेकरं. मग सरांची आई सणावाराला शेणाची बादली घेऊन निघायची आणि कुलूपबंद घरांचे उंबरे सारवायची. घर सारवायचं नाही, तेवढा उंबराच. आई गेल्यावर ते काम सरांनी घेतलं. बाप्या माणसानं शेणात हात घातलेला पाहून नाक्यावरची पोरं हसायची. मी एकदा विचारलं तर सर म्हणाले, "बंद घराचा उंबरा कोरडा ठेवू न्हाई, बाई. घराला वाटते, मानसं मेली. पट्टा पडला की येनार हायेत ती. तवर घराला सांगत राहा लागते."

पट्टा पडणे म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणे. तांड्याचं सगळं वर्ष त्या दोन शब्दांवर टेकलेलं असायचं. लग्न पट्टा पडल्यावर, बारसं पट्टा पडल्यावर, भांडणसुद्धा पट्टा पडल्यावर.

मथुरा राठोड ही अशाच मागे राहिलेल्या लेकरांपैकी. आईबाप उसाला, ही आजीजवळ. पाचवीत असताना खडे वेचायला पातीत आली ती हातात काठी मिळेल म्हणून नव्हे, घमेलं भरलं की सर चिक्की द्यायचे म्हणून. पण तिच्या हातात काठी आली आणि सरांचं बोलणंच कमी झालं. आमच्या माळावर चेंडू सरळ येत नाही. मुरमावर आपटून कधी नडगीवर, कधी कपाळावर येतो. इतर पोरी घाबरून आधीच काठी पुढे करायच्या. मथुरा थांबायची. चेंडू अगदी जवळ येईपर्यंत थांबायची आणि मग काठी अशी टेकवायची की चेंडू तिथंच बसायचा. मला हॉकीतलं काही कळत नाही. पण वर्गात खिडकीतून ते दिसलं की माझा खडू फळ्यावर थांबायचा.

सरांनी तिला लेफ्ट इनला, म्हणजे पुढच्या फळीत डावीकडे आतल्या बाजूला, उभं केलं. विद्यापीठाच्या संघात ती त्यांची स्वतःची जागा होती.

पुढचं सगळं भराभर झालं. क्रीडा वसतिगृह, राज्याचा संघ, राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं, तिथून परत पाठवणी, पुन्हा बोलावणं, पुन्हा परत. शेवटी खेळाडूंच्या कोट्यातून एका मोठ्या शहरातल्या ऑफिसात नोकरी. तांड्यात पेढे वाटले गेले. सरांनी स्टाफरूममध्ये प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवला, स्वतः मात्र खाल्ला नाही. मी म्हटलं, "सर, तोंड गोड करा की." ते म्हणाले, "करतो, करतो," आणि पेढा शर्टाच्या खिशात टाकला. दुपारी पाहिलं तर खिशाला तुपाचा डाग पडला होता.

वर्षभराने मथुरा शाळेत आली. सर स्टाफरूममध्ये भिंतीला पाठ लावून उकिडवे बसले होते. खुर्चीत बसणं त्यांना कधी जमलं नाही. ती त्यांच्यासमोर तशीच उकिडवी बसली आणि म्हणाली, "सर, मी बाहेर चालले. नेदरलँडला. तिथला एक क्लब बोलवून राहिला."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, हे कुठं आलं?"

मी उठून नकाशावर बोट ठेवलं. बोटाखाली देशच झाकला गेला. म्हटलं, "आपल्या मराठवाड्याहूनही लहान आहे. समुद्राच्या पातळीखालची बरीच जमीन."

"म्हंजे पानी लय."

"लय, सर," मथुरा म्हणाली. "मॅचच्या आधी मैदानावर पानी मारतात. सगळं मैदान भिजवतात, चेंडू पळावा म्हनून."

त्या उन्हाळ्यात तांड्यावर टँकर येत होता. सरांनी विचारलं, "नोकरीचं काय?"

"सोडली."

"काहून, माय? आयुष्यभराची भाकर होती ती."

तेव्हा तिने जे सांगितलं ते मी पुढे कित्येकांना ऐकवलं आहे. पोरं बाहेर पैशासाठी जातात, देश विसरतात, वगैरे जे लोक बोलतात त्यांना तर हमखास. ती म्हणाली, "सर, आपल्याकडं खेळलं की नोकरी मिळते, आन नोकरी मिळाली की खेळ संपते. मी टेबलामागं बसते. वर्षातून दोनदा टीम गोळा करतात, फोटो काढतात. शिबिरातून दोनदा वापस आले, आता मला कोन बोलावते? तिथं दर रविवारी मॅच असते. लेकुरवाळ्या बाया खेळतात. चाळीशीच्या बाया खेळतात. आपलं घरदार करतात आन रविवारी खेळतात. मला एक खोली देनार, सायकल देनार, बारक्या पोरींना शिकवायला देनार. मला खेळायचं हाय, सर. दुसरं काही न्हाई."

सर म्हणाले, "बैल गवतामागं जाते आन लमाण बैलामागं. आमचा आजा म्हनायचा." आणि उठताना तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बराबर."

मला वाटलं, माणूस किती मोठ्या मनाचा. होतेच ते. पण त्यांनी तिचं जाणं कोणत्या खात्यात धरलं होतं, ते मला तिच्या निघायच्या दिवशी कळलं.

तांड्यात मुलगी सासरी निघाली की ती ढावलो म्हणते. ढावलो म्हणजे गाऊन रडणं, किंवा रडून गाणं. आईच्या, बापाच्या, भावांच्या, शेजारणींच्या गळ्यात पडून ती एकेकाला त्याचं त्याचं गाणं ऐकवते आणि सुटी होते. शब्द ठरलेले असतात आणि नसतातही. चाल मात्र लग्नाआधी म्हाताऱ्या बायांकडून शिकावी लागते. त्या सकाळी मथुराची आई धुरपताबाई दारात उभी होती, चार म्हाताऱ्या अंगणात येऊन बसल्या होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. पोरगी समुद्रापार चालली, तिने ढावलो म्हणून जावं. येत नसेल तर आम्ही पुढे म्हणतो, तिने मागून म्हणावं.

आपसात ती मंडळी त्यांच्या गोरमाटीत बोलत होती. मी शेजारी आहे हे पाहून सर मराठीत आले. "न्हाई. ढावलो म्हनायचा न्हाई."

"रडू द्या की सर तिला," धुरपताबाई म्हणाली. "एवढी लांब चालली."

"लांब चालली म्हनून काय झालं? तुमी जाता उसाला, तवा ढावलो म्हनता का? ढावलो म्हटला की लेक दिली. दिलेल्या लेकीसाठी कोनी उंबरा सारवत न्हाई. ही हंगामाला चालली. पट्टा पडला की येईल."

म्हाताऱ्यांनी हट्ट सोडला. सर शिकलेले, त्यात मथुराचे गुरू. धुरपताबाईने पदर तोंडात धरला आणि तसाच धरून ठेवला. मथुरा सगळ्यांच्या पाया पडली, जीपमध्ये बसली आणि कोरड्या डोळ्यांनी गेली. जीप नाक्याकडे वळली तेव्हा माळावरून सरांची शीळ आली.

दुसऱ्या दिवसापासून सरांचा संघ दहा जणींचा झाला.

आधी मला कळलंच नाही. मग खिडकीतून पाहताना वाटलं, खेळात कुठेतरी भोक पडलं आहे. पोरी नेहमीसारख्या उभ्या होत्या, फक्त डावीकडे मधल्या रेषेच्या पुढे, जिथे मथुरा वसतिगृहात गेल्यापासून कुणी ना कुणी उभी असायची, तिथे आता कुणी नव्हतं. सर ओरडत होते, "लेफ्ट इनला द्या! लेफ्ट इन मोकळी हाय!" आणि पोरी त्या मोकळ्या जागेत पास देत होत्या. चेंडू तिथून घरंगळत बाभळीपर्यंत जायचा. एक पोरगी धावत जाऊन तो आणायची. पुन्हा तेच.

मी विचारलं तर सर म्हणाले, "तिची जागा हाय. ती आली की खेळंल."

सरावात ठीक होतं. पण कळमनुरीला तालुक्यांच्या सामन्यांनाही त्यांनी दहाच जणी उतरवल्या. समोरच्या शाळेच्या सरांनी विचारलं, "आडे, एक पोरगी आजारी का?" सर म्हणाले, "न्हाई. येऊन राहिली." आमच्या पोरी हरल्या. हरणारच. हेडमास्तर चिडले, पण हॉकीतलं हरणं त्यांच्या लेखी कुठे मोजलंच जात नव्हतं. दोन दिवसांत विसरले.

मी विसरले नाही, कारण मला दीपाली दिसत होती. दीपाली खिल्लारे, सहावीतली, आमच्या बौद्धवाड्यातली. वडील गवंडीकाम करायचे. पोरगी चपळ, डाव्या बाजूची. पातीत सर्वांत पुढे, सरावाला सर्वांत आधी. आणि सामना सुरू झाला की रेषेबाहेर, काठ्या सांभाळत. मी एक दिवस सरांना धरलंच. म्हटलं, "गेलेल्या पोरीसाठी असलेल्या पोरीला बाहेर बसवता, हा कुठला न्याय हो, सर? बैल गवतामागं जातो म्हणता. मग गवत तिकडं असल्यावर बैल इकडं येईल कशाला?"

सर रागावले नाहीत. खिशातले खडे हातात घेऊन चाळवत राहिले. "तुमचं बराबर हाय, बाई," ते म्हणाले. "पन जागा भरली की तिला कळंल. लांबून बी कळते मानसाला, आपली जागा भरली म्हनून. मंग ती कशाला येईल?"

मी वह्या घेऊन वर्गावर गेले. पण त्या दिवसापासून मला सरांची थोडी भीती वाटू लागली, आणि सरांसाठीही.

पोरींना तर आधीच वाटत होती. त्या जागेवरून कुणी पळत जाईना. गेलीच तर वळसा घालून. खडे वेचताना पात तिथे आली की बोलणं बंद व्हायचं. सातवीतली एक म्हणाली, "बाई, तिथं कोनी तरी हाय." मी तिला दटावलं. भूगोलाची बाई मी, आणि बाबासाहेबांचा फोटो घरात असलेली. भुताखेतांना आमच्याकडे जागा नाही.

पण एका हिवाळी सकाळी मी स्वतः पाहिलं ते सांगते. धुकं होतं. बाभळी दिसत नव्हत्या. पोरींनी लेफ्ट इनला पास दिला आणि चेंडू गेला आणि त्या जागेवर थांबला. घरंगळला नाही. काठी टेकवावी तसा बसला. पोरी जागच्या जागी उभ्या राहिल्या. सरांनी शीळ घातली नाही. ते फक्त म्हणाले, "बराबर." सुटी झाल्यावर मी मुद्दाम तिथे जाऊन पाहिलं. खळगा असेल, ओलसर माती असेल, एखादा खडा राहिला असेल. जमीन सपाट होती आणि खडा एकही नव्हता. असेल काही तरी कारण, माझ्या नजरेला दिसलं नाही एवढंच. पण मी पुन्हा तिथे उभी राहिले नाही.

मथुराचे फोन यायचे. सर फोन समोर धरून माळावर जायचे आणि तिला तिची जागा दाखवायचे. "ही बघ. साफ हाय." ती हसायची. तिच्या मागे हिरवंगार, चकचकीत, पाण्याने निथळणारं मैदान. सर एकदा तिला म्हणाले, "खडे वेचता का तिथं?" ती म्हणाली, "सर, हितं खडेच न्हाईत." फोन ठेवल्यावर सर कितीतरी वेळ अस्वस्थ होते. "खडेच न्हाईत म्हंते," ते मला म्हणाले, "मंग सकाळी उठून करतात काय?"

तिने पाठवलेल्या पैशातून तांड्यात एक खोली उठली. सिमेंटची, रंग दिलेली, तिची. धुरपताबाईने उसाला जाणं सोडलं, पण ती आपल्या जुन्या घरातच राहिली. नव्या खोलीला कुलूप लागलं, आणि सणावाराला सर त्या खोलीचा सिमेंटचा उंबराही सारवू लागले. सिमेंटवर शेण धरत नाही. वाळलं की पापुद्रे निघायचे. सर पुन्हा सारवायचे.

असे चार पट्टे पडले. उसाला गेलेले दरसाल आले, पुन्हा गेले. मथुरा आली नाही. आणि मग एका डिसेंबरात आली.

तिकडे बर्फामुळे खेळ महिनाभर थांबतो म्हणून आली होती. नेमका त्याच दिवसांत तांडा रिकामा. ओळीने कुलपं आणि ओले उंबरे. माझा हात धरून ती त्या ओळीतून चालली आणि म्हणाली, "बाई, माझ्याच गावात मी एकटीच." अंगाने भरली होती, केस कापले होते, चाल तीच. आपल्या खोलीचं कुलूप काढून तिने आत डोकावलं. पंखा होता, पलंग होता, वास कोंडल्याचा होता. "उगंच बांधली," म्हणाली आणि पुन्हा कुलूप लावलं. झोपली ती आईजवळच.

संध्याकाळी आम्ही माळावर होतो. सर, मथुरा, धुरपताबाई आणि मी. आता दहावीत गेलेली दीपाली काठ्या गोळा करत होती. सरांनी त्या दिवशी पोरींना लवकर सोडलं होतं. त्यांनी मथुराला तिच्या जागेपर्यंत नेलं आणि मग हातात खडे चाळवत विचारलं, "पट्टा कधी पडंल?"

इतकी वर्षं ते हा प्रश्न जपून ठेवून होते, हे आम्हा तिघींनाही कळलं. मथुराने मान खाली घातली. "सर, तिथं पट्टा पडत न्हाई."

"म्हंजे?"

"एक हंगाम संपला की दुसरा सुरू. मी तिथंच राहनार आता. बारक्या पोरींची टीम मला दिली. माझं वय झालं तरी खालच्या टीममधून खेळता येते, मरेपर्यंत खेळता येते." ती थांबली. "इथं आले तर लोक मला बघायला येतील, सर. शाल देतील, नारळ देतील. खेळायला कोन देईल?"

सरांनी आपल्या माळाकडे पाहिलं. मला वाटलं, म्हणतील, मी देईन. त्यांनी ओठ हलवलेही. पण ते खोटं बोलणारे नव्हते. या माळावर पोरी दहावीपर्यंत खेळतात, पुढे नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

धुरपताबाई मग बोलली. आवाज चढवून नाही. "तवा तुमी रडू दिलं न्हाई, सर. माझी लेक ना दिलेली, ना ठेवलेली. मी दाराकडं बी बघू शकत न्हाई आन दार लावू बी शकत न्हाई."

इतकी वर्षं आम्ही सगळे सरांच्या वाट बघण्याकडे बघत होतो. आईकडे कुणी बघितलंच नव्हतं.

सर मथुराला म्हणाले, "म्हन. आता म्हन ढावलो."

"मला येत न्हाई, सर."

"चालीवर म्हन. शब्द सुचतील."

"चालच येत न्हाई." ती रडवेली झाली. "मी कवा शिकनार? पोरी म्हाताऱ्यांजवळ बसून शिकायच्या, तवा मी हितं होते."

हे ऐकून सर जसे जागीच उभे राहिले, तसं मी कुणाला उभं राहिलेलं पाहिलेलं नाही. म्हाताऱ्यांजवळ बसायच्या वयात पोरीच्या हातात काठी कुणी दिली होती? निरोपाचं गाणं तिच्याकडून आधी घेतलं ते त्यांनीच, आणि पुढे अडवलं तेही त्यांनीच. ते काही न बोलता लेफ्ट इनच्या जागेवर गेले. आई आणि लेक दोघींकडे तोंड केलं, डोक्याला बांधलेला रुमाल सोडून पदरासारखा पुढे ओढला, आणि ढावलो म्हणू लागले.

बाप्या माणसाने म्हणायचं ते गाणं नव्हे. त्यांचा आवाज घोगरा, वरच्या सुरात गेला की फाटायचा. मी हसेन असं मला क्षणभर वाटलं, इतकं ते विचित्र होतं. पण त्यांनी आपल्या बहिणींचे ढावलो ऐकलेले होते आणि चाल त्यांच्या हाडात होती. सगळं गोरमाटीत. मला अर्धंमुर्धं कळलं. ते मथुरा होऊन बोलत होते. याडी, म्हणजे आई, तू उसात होतीस तेव्हा या माळाने मला वाढवलं. त्यात खडे होते, चिक्की होती, चेंडू होता. त्यात लेफ्ट इन होतं, तसंच, इंग्रजीतलं. माझी जागा झाडून ठेवू नका, असं काही तरी होतं. माझ्या जागी दुसरी लेक उभी करा. धुरपताबाई उठली आणि सरांच्या गळ्यात पडली, लेकीच्या गळ्यात पडावं तशी. मथुराला शब्द येत नव्हते. पण प्रत्येक ओळीच्या शेवटी जो लांब सूर ओढतात तो तिला दोन-चार ओळींत सापडला, आणि मग ती त्या दोघांना मिठी मारून तेवढाच सूर ओढत राहिली. समोर ओळीने कुलूपबंद घरं. ऐकायला आम्ही दोघीच, मी आणि काठ्या कवटाळून उभी असलेली दीपाली. मी खूप रडले. कशासाठी ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

मथुरा गेली. पुढच्या सरावाला सरांनी पात संपल्यावर दीपालीला हाक मारली आणि बोटाने जागा दाखवली. ती तिथे जाताना चप्पल काढून गेली, देवळात जावं तशी. पहिला पास आला. पोरगी थांबली, थांबली, चेंडू अगदी जवळ येईपर्यंत थांबली, आणि काठी टेकवली. सर पाठमोरे झाले होते. आवाजावरूनच म्हणाले, "बराबर."

त्याच वर्षी आम्ही दोघंही निवृत्त झालो.

त्यांना शेवटचं पाहिलं ते पुढच्या हिवाळ्यात, माझ्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला तांड्यात गेले तेव्हा. सण होता. सर बादली घेऊन उंबरे सारवत निघाले होते. खूप वाळले होते, श्वास लागत होता, डॉक्टरांनी फिरू नका म्हणून सांगितलेलं. मी सोबत चालत राहिले. ते एका घरापुढे बसायचे, हात फिरवायचे, गुडघ्यावर भार देऊन उठायचे. मुलीचं सासर कुठलं, विचारलं. औंढ्याचं म्हटल्यावर म्हणाले, "जवळच हाय. बरं हाय." त्यांच्या खिशाकडे माझं लक्ष गेलं. खिसे रिकामे, सपाट होते.

चालत चालत आम्ही मथुराच्या खोलीपुढे आलो. सर थांबले. बादली खाली ठेवली. जुन्या शेणाचे शेवटचे पापुद्रे उंबऱ्याच्या कडेला अजून चिकटलेले होते. सर ते वाकून बघत होते आणि मला वाटलं, आता बसतील. त्यांचा हात बादलीत गेलाही. मग तो तसाच बाहेर आला, त्यांनी बादली दुसऱ्या हातात घेतली आणि पुढच्या दारापाशी जाऊन बसले.

"दिलेली लेक हाय, बाई," ते उंबऱ्याकडे बघतच म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं.

परत निघताना मी मागे वळून पाहिलं. ओल्या उंबऱ्यांच्या त्या ओळीत तेवढा एक कोरडा होता, आणि पुढे गेलेले आडे सर दर दाराशी मान वळवून त्याच्याकडे बघत होते.